अपत्याचा संयुक्त ताबा व निर्वाहखर्च (भारत)

अपत्याचा संयुक्त ताबा म्हणजे विभक्त झालेल्या अथवा घटस्फोट घेतलेल्या आई-वडिलांनी आपल्या अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, अपत्याचा सांभाळ, सहवास आणि त्याच्याविषयीचे महत्त्वाचे निर्णय यांची जबाबदारी आपसांत विभागून घेण्याची व्यवस्था होय. अशा अपत्याचे अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण आणि औषधोपचार यांसाठी आई-वडिलांनी करावयाच्या तरतुदीस निर्वाहखर्च म्हणतात. बोलीभाषेत त्यास 'मुलांची पोटगी' असेही म्हटले जाते. भारतातील कोणत्याही केंद्रीय अधिनियमात संयुक्त ताब्याची स्वतंत्र व्याख्या नाही. तथापि न्यायालयांनी काही प्रकरणांत तसे आदेश दिले आहेत आणि परस्परसंमतीने होणाऱ्या घटस्फोटांच्या संमतिपत्रांतही अशी व्यवस्था नमूद केली जाते.

ताबा आणि निर्वाहखर्च हे दोन्ही प्रश्न बहुधा एकाच दाव्याच्या ओघात उपस्थित होतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते एकमेकांच्या मोबदल्यात देण्याघेण्याचे विषय नाहीत. दोहोंचा आधार अपत्याचे हित हा आहे, आई किंवा वडील यांचा परस्परांवरील हक्क हा नव्हे.

संज्ञा

या विषयात पालकत्व, ताबा आणि भेटीचा हक्क या तीन संज्ञांची सरमिसळ होण्याचा संभव असतो. पालकत्व म्हणजे अपत्याची व्यक्ती व मालमत्ता यांच्या वतीने निर्णय घेण्याचा आणि कायदेशीर व्यवहार करण्याचा अधिकार. ताबा म्हणजे अपत्याचा प्रत्यक्ष सांभाळ. ते कोणाच्या घरी राहील, त्याची रोजची देखभाल कोण करील, हा त्याचा आशय आहे. ज्या पालकाकडे ताबा नसतो, त्याला ठरावीक वेळी अपत्याला भेटण्याचा किंवा काही दिवस सोबत ठेवण्याचा जो हक्क दिला जातो, त्यास भेटीचा हक्क म्हणतात. दूरध्वनी किंवा व्हिडिओ कॉलवरून बोलण्याच्या मुभेस अलीकडच्या निकालांत संपर्काचा हक्क असे वेगळे नाव मिळाले आहे.

संयुक्त ताब्याचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात शाळा, शस्त्रक्रिया, परदेशप्रवास यांसारखे मोठे निर्णय दोघे मिळून घेतात. मूल मात्र मुख्यतः एकाच घरी राहते. दुसऱ्या प्रकारात मुलाचे वास्तव्यही दोन घरांत विभागलेले असते. ही विभागणी समसमान असलीच पाहिजे असे नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत औरस अपत्यावर वडिलांचा जवळजवळ निरपवाद अधिकार मानला जात असे. लेखिका कॅरोलाइन नॉर्टन यांनी स्वतःची मुले दुरावल्यानंतर चालवलेल्या चळवळीमुळे १८३९ मध्ये तेथील संसदेने कायदा करून सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी न्यायालयात जाण्याची मुभा आईला दिली. लहान वयात मुलाला आईची अधिक गरज असते, हे तत्त्व पुढे रुजले आणि ब्रिटिश अमलातून ते भारतीय न्यायव्यवहारातही आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत दोन्ही पालकांच्या समान जबाबदारीचा विचार पुढे आला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७९ मध्ये संयुक्त ताब्याविषयी कायदा केला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्कविषयक कराराने विभक्त पालकांपैकी दोघांशीही नियमित संबंध ठेवण्याचा अपत्याचा हक्क मान्य केला. हा संबंध त्याच्या हिताविरुद्ध असल्यास अपवाद करता येतो. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला.

भारतातील कायदे

अपत्याच्या ताब्याविषयी भारतात एकच सर्वसमावेशक कायदा नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा सर्वधर्मीयांना लागू असलेला सामान्य कायदा आहे. त्याच्या कलम १७ नुसार पालक नेमताना अपत्याचे वय, लिंग व धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य व क्षमता, तसेच त्याचे अपत्याशी असलेले नाते विचारात घेतले जाते. समजून-उमजून पसंती सांगण्याइतके अपत्य मोठे असल्यास त्याचे म्हणणेही न्यायालय विचारात घेऊ शकते. अपत्य सामान्यतः जेथे राहते, तेथील न्यायालयात अर्ज करावा लागतो.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार औरस मुलगा किंवा अविवाहित मुलगी यांचे नैसर्गिक पालक प्रथम वडील व त्यांच्यानंतर आई होत. मात्र पाच वर्षे पूर्ण न झालेल्या अपत्याचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे त्याच कलमात म्हटले आहे. लेखिका गीता हरिहरन यांच्या याचिकेवर १९९९ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने 'वडिलांच्या नंतर' या शब्दांचा अर्थ केवळ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' असा न घेता 'वडिलांच्या अनुपस्थितीत' असा व्यापक लावला. वडील मुलाची जबाबदारी घेत नसल्यास, किंवा आई-वडिलांमध्ये तसे ठरले असल्यास, वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक म्हणून काम पाहू शकते, असा त्याचा परिणाम झाला. याच अधिनियमाचे कलम १३ अपत्याच्या कल्याणाला सर्वोच्च स्थान देते.

घटस्फोट किंवा न्यायिक विभक्ततेचा दावा चालू असताना हिंदू विवाह अधिनियम, १९५५ (कलम २६), विशेष विवाह अधिनियम, १९५४ (कलम ३८), पारशी विवाह व घटस्फोट अधिनियम, १९३६ (कलम ४९) आणि ख्रिस्ती विवाहांना लागू असलेला घटस्फोट अधिनियम, १८६९ यांखाली ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयी आदेश देता येतात. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातील लहान मुलांच्या सांभाळाचा आईचा अधिकार 'हिजानत' म्हणून ओळखला जातो. हनफी परंपरेत तो मुलाच्या सातव्या वर्षापर्यंत व मुलीच्या वयात येण्यापर्यंत मानला जातो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ खाली दंडाधिकारी अपत्याचा तात्पुरता ताबा पीडित महिलेकडे देऊ शकतात. प्रतिवादीची भेट अपत्याला अपायकारक ठरेल असे त्यांना वाटल्यास ती नाकारूही शकतात.

अपत्याच्या हिताचा निकष

व्यक्तिगत कायदे वेगवेगळे असले तरी ताब्याच्या प्रश्नात अपत्याचे कल्याण हाच निर्णायक निकष होय, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे. कल्याण या शब्दात केवळ आर्थिक सुबत्ता येत नाही. मुलाची सुरक्षितता, भावनिक स्थैर्य, शिक्षणातील सातत्य, भावंडांचा सहवास, पालकाला देता येणारा वेळ आणि घरातील वातावरण या सर्वांचा त्यात समावेश होतो. अधिक उत्पन्न असलेल्या पालकाला केवळ त्या कारणावरून ताबा मिळत नाही. दुसऱ्याचे उत्पन्न कमी असल्यास ती उणीव निर्वाहखर्चाच्या आदेशाने भरून काढता येते.

गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पाच वर्षांखालील अपत्याच्या बाबतीत आई अयोग्य आहे हे सिद्ध करण्याचा भार वडिलांवर असतो. आपण योग्य आहोत हे सिद्ध करण्याचा भार आईवर नसतो. अपत्य मोठे असल्यास न्यायाधीश त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलून त्याची इच्छा जाणून घेऊ शकतात. मात्र सांगितलेली इच्छा मुलाची स्वतःची आहे की त्याला पढवलेली आहे, हे पारखावे लागते. एका पालकाने मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी दुरावा निर्माण करण्याच्या प्रकाराची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात घेतली आहे.

संयुक्त ताब्याची रचना

संयुक्त ताब्याचे भारतातील एक बहुचर्चित उदाहरण म्हणजे कर्नाटक उच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल. त्यात बारा वर्षांच्या मुलाने दरवर्षी १ जानेवारी ते ३० जून वडिलांकडे आणि १ जुलै ते ३१ डिसेंबर आईकडे राहावे, असे ठरवण्यात आले. ज्याच्याकडे मूल त्या काळात नसेल, त्याला शनिवार-रविवारी भेटीची मुभा देण्यात आली. दूरध्वनी व व्हिडिओद्वारे संपर्काची सोय करण्यात आली, आणि शिक्षण व इतर खर्च दोघांनी समान वाटून घ्यावा, असा आदेश झाला. विधी आयोगानेही आपल्या अहवालात या निकालाचा उल्लेख केला आहे.

सहा-सहा महिन्यांची अशी विभागणी दोन्ही घरे मुलाच्या शाळेपासून जाण्यायेण्याच्या अंतरावर असतील तरच व्यवहार्य ठरते. अन्यथा शाळेच्या दिवसांत एका घरी वास्तव्य, आठवड्याच्या अखेरीस किंवा एकाआड एक आठवड्याला दुसऱ्या घरी मुक्काम आणि उन्हाळी व दिवाळीच्या सुट्यांची निम्मी-निम्मी वाटणी अशी व्यवस्था केली जाते. गणेशोत्सव, ईद, नाताळ यांसारखे सण आणि मुलाचा वाढदिवस यांबाबत आळीपाळीचा क्रम ठरवून ठेवणे सोयीचे असते.

भेटीचे आदेश मोघम असू नयेत. भेटीचे स्वरूप, पद्धत व तपशील त्यांत स्पष्ट असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. पालक वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत राहत असतील, तर व्हिडिओ कॉलद्वारे नियमित संपर्काची सोय असावी, असेही त्यात नमूद आहे. त्यामुळे संमतिपत्रात पुढील बाबींचा उल्लेख असणे इष्ट ठरते:

* मुलाला आणण्याची व परत सोडण्याची वेळ, ठिकाण आणि जबाबदार व्यक्ती
* आजारपण, परीक्षा किंवा प्रवास यांमुळे भेट चुकल्यास पर्यायी दिवस
* शाळेचे प्रगतिपुस्तक व वैद्यकीय कागदपत्रे दोघांनाही मिळण्याची सोय
* पारपत्र कोणाजवळ राहील आणि परदेशप्रवासासाठी कोणाची संमती लागेल
* शाळा अथवा शहर बदलण्यापूर्वी दुसऱ्या पालकाला द्यावयाची पूर्वसूचना
* मतभेद झाल्यास न्यायालयात जाण्यापूर्वी समुपदेशक किंवा मध्यस्थाची मदत

जेथे कौटुंबिक हिंसा, व्यसनाधीनता किंवा मुलाच्या छळाचा धोका असतो, तेथे संयुक्त ताबा हितावह ठरत नाही. अशा वेळी भेट पूर्णपणे नाकारण्याऐवजी ती न्यायालयाच्या आवारात किंवा त्रयस्थ व्यक्तीच्या देखरेखीखाली ठेवण्याचा मध्यम मार्गही उपलब्ध असतो.

निर्वाहखर्च

कोणावर जबाबदारी

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० नुसार औरस अथवा अनौरस अज्ञान अपत्याचा निर्वाह करण्याचे बंधन वडील व आई या दोघांवर आहे. स्वतःच्या उत्पन्नातून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीच्या बाबतीत हे बंधन ती सज्ञान झाल्यावरही कायम राहते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ धर्माचा भेद न करता सर्वांना लागू होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ ने घेतली आहे. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणारे सज्ञान अपत्यही या तरतुदीखाली दाद मागू शकते. पूर्वी या तरतुदीखाली दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. २००१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. घटस्फोटित मुस्लिम मातेच्या अपत्यांना कलम १२५ खाली असलेला स्वतंत्र हक्क १९८६ च्या कायद्याने हिरावला जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला.

रक्कम कशी ठरते

काही देशांत निर्वाहखर्च ठरवण्याचे शासकीय कोष्टक असते. भारतात तसे ठरावीक सूत्र नाही. न्यायालय मुलाच्या वाजवी गरजा, पूर्वीचे राहणीमान आणि दोघांचे उत्पन्न यांवरून रक्कम निश्चित करते. दोन्ही पालक नोकरी करत असलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये प्रत्येक मुलासाठी दरमहा ३,००० रुपये ठरवून तो भार दोघांनी २:१ या प्रमाणात उचलावा, असा आदेश दिला.

नागपूर खंडपीठाच्या आदेशावरील अपिलात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाहविषयक सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करणे आवश्यक आहे, आणि निर्वाहाची रक्कम अर्ज केल्याच्या तारखेपासून देय ठरते. मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार व शिक्षण यांबरोबर वाजवी प्रमाणात शिकवणी व इतर प्रशिक्षणही येते. शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा. आई पुरेशी मिळवती असल्यास तो दोघांत प्रमाणशीर वाटता येईल, असे त्यात म्हटले आहे.

प्रमाणशीर वाटणीची रीत पुढील काल्पनिक उदाहरणावरून समजून घेता येईल. समजा, वडिलांचे मासिक उत्पन्न ६०,००० रुपये, आईचे ४०,००० रुपये आणि मुलाचा एकूण मासिक खर्च २०,००० रुपये आहे. उत्पन्नाचे प्रमाण ३:२ असल्याने वडिलांचा वाटा १२,००० व आईचा ८,००० रुपये होतो. मूल दोन्ही घरी सारखाच काळ राहते; परंतु शाळेचे शुल्क, पुस्तके व औषधे आईच्या हातून घेतली जात असल्याने तिच्याकडे १३,००० आणि वडिलांकडे ७,००० रुपये खर्च होतात. अशा वेळी वडिलांनी आईला दरमहा ५,००० रुपये दिल्यास दोघांचा भार ठरल्याप्रमाणे होतो. मुलाच्या सहवासाचा काळ समान असला म्हणून निर्वाहखर्चाची देवघेव आपोआप संपत नाही, हे यावरून दिसते.

कार्यपद्धती

कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ खाली जेथे अशी न्यायालये स्थापन झाली आहेत, तेथे ताबा व निर्वाह या दोन्ही विषयांचे अर्ज त्यांच्यापुढे चालतात. अन्यत्र ताब्याचे अर्ज जिल्हा न्यायालयात आणि नागरिक सुरक्षा संहितेखालील निर्वाहाचे अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दाखल होतात. तडजोडीसाठी प्रयत्न करणे हे कौटुंबिक न्यायालयाचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी समुपदेशकांची तरतूद आहे. पक्षकारांपैकी कोणीही मागणी केल्यास सुनावणी बंद दालनात घ्यावी लागते. अंतिम निकाल लागेपर्यंत मुलाची आबाळ होऊ नये म्हणून अंतरिम ताबा, भेट व निर्वाह यांचे आदेश मागता येतात. अंतरिम निर्वाहाचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो.

ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो. मुलाचे वाढते वय, पालकाचा पुनर्विवाह, बदली, आजार किंवा उत्पन्नातील मोठा फरक या कारणांवरून त्यात बदल मागता येतो. निर्वाहाच्या रकमेलाही हेच लागू आहे.

ताबा व निर्वाहखर्च यांचे परस्परसंबंध

ठरलेली रक्कम मिळाली नाही म्हणून मुलाची भेट बंद करणे, किंवा भेट नाकारली म्हणून रक्कम देणे थांबवणे, असे प्रकार व्यवहारात घडतात. दोन्ही बाबतींत न्यायालयाच्या आदेशाचा भंग होतो आणि त्याची झळ मुलाला बसते. भेटीतून मुलाला दुसऱ्या पालकाचे प्रेम मिळते, तर निर्वाहखर्चातून त्याची शाळा व औषधे चालतात. एक गोष्ट अडली म्हणून दुसरी रोखल्यास मुलाचे नुकसान दुप्पट होते. अशा प्रसंगी पीडित पालकाने आपली बाजू स्वतः 'वळती' करून न घेता त्या-त्या आदेशाच्या अंमलबजावणीसाठी अर्ज करणे, हाच कायदेशीर मार्ग आहे.

याच कारणाने आई-वडिलांपैकी एकाने संमतिपत्रात अपत्याच्या निर्वाहावरील हक्क सोडल्याचे लिहून दिले, तरी तो अपत्याला बाधक ठरत नाही. पत्नी स्वतःच्या हक्कापुरती तडजोड करू शकते; अज्ञान मुलीचे हक्क ती सोडून देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात म्हटले आहे.

अंमलबजावणी

निर्वाहाची रक्कम थकल्यास दंडाधिकारी किंवा कौटुंबिक न्यायालय दंडवसुलीप्रमाणे अधिपत्र काढू शकते. त्यानंतरही रक्कम न दिल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत किंवा रक्कम भरेपर्यंत कारावासाची तरतूद आहे. या तरतुदीखाली थकबाकी देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे पगार किंवा मालमत्ता जप्त करण्याचा मार्गही खुला आहे. भेटीच्या आदेशाचा भंग झाल्यास न्यायालयीन अवमानाची कारवाई होऊ शकते, आणि वारंवार अडथळा आणणाऱ्या पालकाच्या वर्तनाचा विचार ताब्याच्या फेरविचारात केला जातो. मूल बेकायदेशीरपणे लपवून ठेवले गेल्यास उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते.

परदेशस्थ पालक

नोकरीनिमित्त अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा आखाती देशांत स्थायिक झालेल्या दांपत्यांच्या बाबतीत मूल एका पालकाने भारतात आणल्यावर वाद उद्भवतो. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. त्यामुळे परदेशी न्यायालयाचा आदेश असला तरी मूल आपोआप परत पाठवले जात नाही. तो आदेश विचारात घ्यावयाच्या अनेक बाबींपैकी एक असून, अंतिम कसोटी अपत्याच्या हिताचीच राहते, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मांडली.

सुधारणांच्या शिफारशी व मतभेद

भारताच्या विधी आयोगाने मे २०१५ मध्ये सादर केलेल्या २५७ व्या अहवालात पालक व पाल्य अधिनियमात संयुक्त ताबा, मध्यस्थी आणि निर्वाहखर्च यांविषयी नवे प्रकरण घालण्याची शिफारस केली. आई व वडील दोघांनाही एकाच वेळी नैसर्गिक पालक मानावे, निर्वाहखर्च अठराव्या वर्षापर्यंत असावा आणि न्यायालयाला तो पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढवता यावा, असेही आयोगाने सुचवले. संयुक्त ताबाच योग्य असे गृहीत धरून चालण्यास मात्र आयोगाने पाठिंबा दिला नाही. प्रत्येक प्रकरणात मुलाच्या हितावरून निर्णय व्हावा, असे त्याचे मत होते.

संयुक्त ताब्याचे समर्थक असे मांडतात की, सुट्टीच्या दिवशी काही तासांची भेट एवढ्यावर पालकत्व टिकत नाही आणि एका पालकावर सर्व भार टाकणे त्याच्यावरही अन्यायकारक असते. विरोधी मताच्या अभ्यासकांच्या मते, ज्या घरात सत्तेचा व पैशाचा समतोल आधीच ढळलेला आहे, तेथे संयुक्त निर्णयाची सक्ती दुर्बल पालकावर दबाव आणण्याचे साधन ठरू शकते, तसेच निर्वाहखर्च कमी करून घेण्यासाठी संयुक्त ताब्याची मागणी होण्याची शक्यता असते. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये समान पालकीय जबाबदारीचे गृहीतक कायद्यात आणले होते. २०२३ च्या दुरुस्तीने ते वगळण्यात आले आणि हा बदल मे २०२४ पासून अमलात आला.